डाएट टिफिन महिनाभर खाऊन बघितला, 5 वाजताच्या भुकेसकट रिव्ह्यू

ऑफिस परळला, राहायला भांडुपला, सकाळी घरच्यांचे दोन डबे भरून स्लो लोकल पकडायची, त्यात स्वतःसाठी वेगळं डाएटचं कोण करणार, म्हणून जूनमध्ये एका डाएट टिफिनवाल्यांचं महिन्याचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाहीये कारण रिफंडचं अजून चालू आहे. 26 जेवणं, 7,800 रुपये, म्हणजे एक डबा 300 ला. सासूबाईंना आकडा कळला तर म्हणाल्या एवढ्यात दादरहून महिन्याची भाजी येईल आणि वर तुला टॅक्सीनं घरी आणता येईल.

सुरुवातीला त्यांच्या डाएटिशियनचा फोन आला. उंची 5 फूट 2 इंच, वजन 68, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 27 च्या वर, आणि आपल्या लोकांसाठी 23 पासूनच जास्त वजन धरतात हे तिने नीट समजावून सांगितलं, घाबरवलं नाही, त्याचे मार्क देते. नंतर मात्र ती महिनाभर गायब, व्हॉट्सॅपवर फक्त हिरव्या पानांचे इमोजी.

आता डबे. प्रत्येकावर स्टिकर, अमुक कॅलरी, बहुतेक 350 च्या आसपास. पहिले चार दिवस मी खूश, पाचव्या दिवशी लक्षात आलं की स्टिकर वाचून दुपारी हलकं वाटतं आणि 5 वाजता मी खाली गाडीवर वडापावच्या रांगेत उभी असते. मग फोनमध्ये नोंद करायला लागले, दुपारी डब्यात काय होतं आणि 5 वाजता काय खाल्लं. 25 डब्यांपैकी (एक पावसात आलाच नाही, तो कसा आलाच नाही ते पुढे सांगते) 14 दिवस मी खाली उतरले. वडापाव, समोसा, एकदा तर दोन्ही. त्या 14 दिवसांचे डबे म्हणजे किनोआ (राजगिऱ्यासारखे परदेशी दाणे) सॅलड, भोपळ्याचं सूप आणि दोन टोस्ट, झुकिनीचं काहीतरी. आणि जे 11 दिवस घरी जाईपर्यंत काही लागलं नाही ते कुठले, तर मुगाची उसळ, मटकी, चवळी, अंडा भुर्जी, दोनदा चिकन सुकं. म्हणजे जे घरी आई करायची तेच!

किनोआचं मला फार वाटायचं, प्रोटीन प्रोटीन म्हणतात म्हणून. शोधलं तर शिजवलेल्या 100 ग्रॅम किनोआत साधारण 4 ग्रॅम प्रोटीन, शिजवलेल्या मुगात 7 च्या आसपास, कॅलरी दोन्हीत जवळपास सारख्याच. किनोआचे त्यांच्या मेन्यूत वेगळे 40 रुपये जास्त होते, मूग साध्या पॅकेजात.

पनीर सॅलडचं तर बोलूच नका. सोबत ड्रेसिंगची छोटी पिशवी यायची. एक दिवस घरी आणून मोठ्या चमच्याने मोजलं, तीन चमचे भरले, वर नुसतं तेल तरंगत होतं. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे 120 कॅलरी, फॅट तर 1 ग्रॅमला 9 कॅलरी देतं, त्यामुळे त्यातलं अर्ध जरी तेल धरलं तरी स्टिकरवरचा आकडा ड्रेसिंग सोडून लिहिलाय हे उघड आहे. विचारलं तर म्हणाले, मॅडम ड्रेसिंग ऑप्शनल आहे.

फ्री म्हणून ग्रॅनोलाचं (भाजलेल्या ओट्सचं) पाकीट दिलं होतं, पुढे मोठ्या अक्षरात "साखर नाही". मागे घटकांची यादी बघा, ती वजनाच्या उतरत्या क्रमानेच लिहावी लागते, दुसऱ्या नंबरला मध. मध म्हणजे काय औषध आहे का, डब्ल्यूएचओ पण मधातली साखर साखरेतच मोजतं. चव मस्त होती, हे पण खरं, मुलाने दोन दिवसात संपवलं.

भाकरीवर मात्र माझा जीव जडला होता आणि तिथेच फसले. मऊ, गोल, दुपारपर्यंत तशीच, घडी घालून डब्यात. मी सोलापूरची, मला आठवड्याने शंका आली, अहो ज्वारीला चिकटपणाच नसतो, ती थापतात, आणि चार तासांनी कडक होते म्हणून तर आम्ही दह्यात कुस्करतो. फोन केला तर आधी "हंड्रेड पर्सेंट ज्वारी", दुसऱ्यांदा केला तर "टेक्स्चरसाठी थोडा गहू असतो". गहू काही विष नाही, पण मग स्टिकरवर लिहा की.

चतुर्थीला उपासाचा डबा मागितला तर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली, साबुदाणा नाही, हे आवडलं. भाज्यांना चव होती, मीठ बेताचं, डबा साडेबारा ते एकच्या आत टेबलावर. जोरदार पाऊस पडून रुळांवर पाणी भरलं त्या दिवशी आला नाही, त्यात त्यांची चूक नाही, मी स्वतः दुपारी परत फिरले होते, पण तो डबा 26 मध्ये मोजला आणि "दिला" असा मेसेज पण आला! शिवाय महिना संपताच पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले, घेताना कुठेतरी बारीक टिक होती म्हणे. बघून घ्या.

वजन 68 वरून 66.9. त्यातलं 700 ग्रॅम पहिल्याच आठवड्यात, ते बहुतेक पाणीच, पुढचे तीन आठवडे वडापावने भरून काढले.

घ्यायचंच असेल तर एक आठवड्याचा ट्रायल घ्या आणि फक्त उसळीचे, अंड्याचे दिवस निवडा, त्यांच्या अ‍ॅपमध्ये डबा बदलता येतो, मला हे 20 व्या दिवशी कळलं. किनोआ, सूप, ग्रॅनोला सरळ सोडा. 5 पैकी अडीच स्टार, त्यातला एक मटकीच्या उसळीला आणि अर्धा प्लास्टिकच्या डब्यांना, कारण ते खरंच दणकट आहेत, सासूबाईंनी त्यात मूग, मटकी, चवळी भरून ओळीने लावून ठेवलेत.