एमआयटी की जीपीएल? स्वतःचा कोड मोकळा करण्याआधी

ओपन सोर्स म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, असं धरून चालतो. अडतं ते लायसन्सच्या, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरायचा हे सांगणाऱ्या, फाइलमध्ये काय टाकायचं इथे. एमआयटी आणि जीपीएल ही अशीच दोन तयार लायसन्सं. मी दोन्ही वापरून बघितलीत.

एमआयटी वाचायला पाच मिनिटं पुरतात. घ्या, बदला, विका, कोड बंद ठेवा. फक्त माझं नाव आणि परवानगीचा मजकूर काढू नका. कंपन्या तिला बिचकत नाहीत, म्हणून काम लवकर पसरतं. पेटंटचा स्पष्ट उल्लेख तिच्यात नाही. ती काळजी असेल तर २००४ चं अपाची २.० हे लायसन्स बघा.

जीपीएलची मुख्य अट अशी: कोड बदलून किंवा आपल्या प्रोग्राममध्ये घालून पुढे दिला, तर तो प्रोग्रामही जीपीएलखालीच, कोडसकट द्यायचा. त्याबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज पक्के बसलेत. पहिला, विकता येत नाही. येतं, हवी ती किंमत घ्या. घेणारा पुढे फुकट वाटू शकतो, एवढं धरून भाव ठरवा. दुसरा, कोड साऱ्या जगापुढे मांडावा लागतो. तसंही नाही. ज्याला प्रत दिली, त्याला कोड द्यायचा. आपल्याच दुकानात बदलून वापरला तर कुणी मागू शकत नाही.

आता माझा अनुभव. आकडे मराठी अक्षरांत लिहिणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये घालायचा तयार कोड, मी एमआयटीखाली टाकली होती. एका विक्रेत्यानं ती आडतीच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये घातली. त्यात गैर काहीच नव्हतं. पुढे लातूरहून एका आडत्याचा फोन आला. सोयाबीनच्या पट्टीवर आकड्यात ७९,४५० आणि खाली अक्षरी 'एकोणनव्वद हजार चारशे पन्नास'. शेतकरी पट्टी हातात धरून विचारत होता, वरचे दहा हजार कुठं गेले?

चूक माझ्याच तक्त्यातली. ७९ समोर एकोणऐंशीऐवजी एकोणनव्वद पडलं होतं. मी ती कधीच दुरुस्त केली होती, पण विक्रेत्यानं नवी आवृत्ती घेतली नव्हती, आणि कोड बंद. आडत्या म्हणाला, "भाऊ, प्रोग्राममधी नाव तुमचं हाय, मग तुम्हीच करून द्या की." एका ओळीचं काम. मला करता येईना. त्या शेतकऱ्याला आपण फसलो असं वाटलं, ते अजून टोचतं.

जीपीएल असतं तर त्या आडत्याला कोड मागायचा हक्क होता. त्यानं तो मला, नाहीतर गावातल्या एखाद्या पोराला दाखवला असता. लायब्ररीपुरतं एलजीपीएल, म्हणजे जीपीएलचा सौम्य प्रकारही चालला असता: बाकी प्रोग्राम बंद राहिला तरी आतली लायब्ररी बदलून बसवायची मुभा द्यावीच लागते. प्रोग्राम सर्व्हरवरून चालवणार असाल तर मात्र साधं जीपीएल पुरत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या हातात प्रतच जात नाही. त्यासाठी एजीपीएल: त्यात बदललेला प्रोग्राम सर्व्हरवरून वापरणाऱ्यांनाही कोड द्यावा लागतो. जीपीएल आणि एजीपीएल, दोन्हींची तिसरी आवृत्ती २००७ ची आहे.

तुमचं काम मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्राममध्ये जावं अशी इच्छा असेल, तर एमआयटी चुकीची म्हणणार नाही. पण ज्या प्रोग्रामवर कुणाच्या पैशाचा हिशेब होतो, तिथे माझा हात आता जीपीएल तीनकडेच जातो. लायब्ररीचा सगळा कोड माझा एकट्याचा होता, म्हणून नवी आवृत्ती त्याखाली आणताना कुणाची संमती घ्यावी लागली नाही. जुनी एमआयटीचीच राहिली. दिलेली परवानगी परत घेता येत नाही, आणि त्या आडतीवर अजून तीच चालू आहे.