रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कंपन्यांतून निघालेला जुना मिनी पीसी घरासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी घ्यावा का? टॅली, एक्सेल, मराठी डीटीपी, मुलांचे ऑनलाइन क्लास आणि रात्री यूट्यूब, अशा कामाला मार्चपासून दिवाळीपर्यंत जुंपल्यावर उत्तर सरळ आहे : घ्यावा. फक्त दुकानात सगळी चौकशी प्रोसेसरची होते आणि तिथेच गाडी चुकते. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखा या जुन्या भागांनी इतक्या महिन्यांत कुठलीही कुरबूर केलेली नाही. त्रास झाला तो विकताना घातलेल्या नव्या पण हलक्या सामानाचा. अडॅप्टर, एसएसडी आणि वायफायचं डोंगल, हे तीन ठीक असतील तर हा डबा अजून काही वर्षं निवांत चालेल.

आधी मशीन काय आहे ते. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, २०१८ च्या पिढीतला. इंटेल आय५-८५००टी (आठवी पिढी), सहा कोअर, ३५ वॅट. सोबत ८ जीबीची एकच रॅम पट्टी आणि २.५ इंची २५६ जीबी साटा एसएसडी. नाशिकमध्ये असा सेट साधारण १२ ते १६ हजारांत बसतो. रॅम-एसएसडीच्या भावाप्रमाणे आकडा वर-खाली होतो. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे.

आठवी पिढीच का, तर विंडोज ११ साठी इंटेलची अधिकृत मर्यादा तिथून सुरू होते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे बाजारात ढिगाने आलेत आणि ते बरेच स्वस्त मिळतात. ३०५० मायक्रो हा त्यातलाच. ३०६० शेजारी ठेवला तर पटकन फरक कळत नाही, म्हणून खोक्यावरचं स्टिकर बघू नका, विंडोजमध्ये जाऊन प्रोसेसरचं नाव वाचा. ८ ने सुरू होणारा चार आकडी नंबर हवा. लिनक्सच वापरायचं असेल तर मात्र सातव्या पिढीचा डबा खुशाल घ्या, पैसे वाचतील.

आता अडॅप्टर. या मशीनला १९.५ व्होल्ट, ६५ वॅटचा, ४.५ मिमी पिनेचा अडॅप्टर लागतो. पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक काडी असते. ती वीज नेत नाही, तर अडॅप्टर किती वॅटचा आहे ही माहिती मशीनला देते. बिननावाच्या अडॅप्टरमध्ये ही माहिती देणारी चिप नसते किंवा नीट चालत नाही. मग मशीन सुरू तर होतं, पण अडॅप्टर ओळखता आला नाही असा संदेश देतं आणि सावधगिरी म्हणून प्रोसेसरचा वेग पाडतं. चालू करताना एफ१ दाबून संदेश घालवला की तो लक्षातून जातो, आणि नंतर ‘पीसी फार स्लो झाला, रॅम वाढवू का’ असा प्रश्न पडतो. रॅमचा यात काही संबंध नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा वेग बघा. दोन-चार टॅब आणि एखादी मोठी एक्सेल उघडूनही आकडा ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास खिळून राहिला तर दोष अडॅप्टरचा धरा. निरोगी मशीनवर हाच आकडा कामाच्या ताणाप्रमाणे ३ गिगाहर्ट्झच्या पुढे जाऊन येतो.

अस्सल अडॅप्टरलाही हाच रोग होऊ शकतो. वायर पिनेपाशी सतत वाकली की आतली माहितीची बारीक तार आधी तुटते, वीज देणाऱ्या जाड तारा शाबूत राहतात. म्हणून मशीन टेबलाच्या मागे लटकवताना पिनेजवळ वायर सैल सोडा, वेलक्रोचा पट्टा चार बोटं मागे बांधा. आमच्या सेटबरोबर आलेला बिननावाचा अडॅप्टर पावसाळ्याआधीच बदलावा लागला. कंपनीचा जुना पण अस्सल अडॅप्टर घातला आणि मशीनची सुस्ती त्याच मिनिटाला गेली. घेतानाच अस्सल अडॅप्टरचा आग्रह धरा, वर थोडे पैसे गेले तरी चालतील.

एसएसडीचं दुखणं लगेच दिसत नाही. विकताना बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त साटा एसएसडी घातलेली असते. विंडोज भराभर उघडतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण अशा ड्राइव्हमध्ये वेगवान लेखनाची जागा छोटी असते. ती भरली की वेग जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. याची परीक्षा सोपी आहे : ३० जीबीच्या आसपास व्हिडिओ फायली पेन ड्राइव्हवरून नव्हे, तर त्याच ड्राइव्हच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा. सुरुवातीला सेकंदाला ३००-४०० एमबी दाखवून पुढे आकडा २०-३० वर आला आणि सगळं मशीन अडखळू लागलं, तर ही एसएसडी टॅलीचा डेटा ठेवायच्या लायकीची नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ आणि पॉवर-ऑन अवर्स (ड्राइव्ह आजवर किती तास चालली) हेही बघा. ‘नवीन एसएसडी’ म्हणून दिलेल्या ड्राइव्हवर हजारो तास दिसले तर ती नवीन नाही.

उपाय आतच आहे. या मॉडेलमध्ये २.५ इंची ड्राइव्हशिवाय एम.२ २२८० आकाराची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, पट्टीसारखी) एसएसडी बसते आणि ती जागा बहुधा रिकामी असते. चांगल्या कंपनीची ५०० जीबी जेन ३ एसएसडी पुरते. हा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० पर्यंतच जातो, म्हणून जेन ४ साठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्याच भावात मिळाली तर हरकत नाही, ती जेन ३ च्या वेगाने चालेल. एसएसडी दाबून धरणारा एम२ मापाचा छोटा स्क्रू बऱ्याचदा हरवलेला असतो. तो दुकानातूनच मागून घ्या, नाहीतर ड्राइव्ह तिरकी उभी राहते आणि चिकटपट्टी लावायची वेळ येते.

नवीन एसएसडीवर विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नसेल तर ती खराब आहे असं समजून परत करायला धावू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची मशीनची सेटिंग्ज, चालू करताना एफ२ दाबून उघडतात) साटा ऑपरेशन ‘रेड ऑन’वर असतं, ते ‘एएचसीआय’ करा. मात्र आधीचं विंडोज तसंच ठेवायचं असेल तर क्रम पाळावा लागतो : एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करून एफ२ दाबा, एएचसीआय निवडा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग टिक काढा. क्रम चुकला तर निळा पडदा येतो. सेटिंग पुन्हा रेडवर नेलं की विंडोज परत चालू होतं, डेटा जात नाही.

विंडोज खरं आहे का हेही तपासा. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसलं तर उत्तम. ‘ऑर्गनायझेशनची ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असा उल्लेख असेल तर ते कंपन्यांच्या पद्धतीचं ॲक्टिव्हेशन आहे. ते १८० दिवसांचं असतं आणि कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क झाला तरच पुढे वाढतं. घरी तो सर्व्हर नसतो. म्हणजे दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी आणि हे विंडोज साधारण एकाच वेळी संपतं. यातल्या बऱ्याच मशीनच्या बोर्डात मूळ विंडोज प्रोची की असते. त्यामुळे कोऱ्या ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोज ११ प्रो टाकून इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

रॅमबद्दल थोडक्यात : ८ जीबीच्या दोन पट्ट्या हव्यात. लॅपटॉपची डीडीआर४ लागते. ३२०० ची मिळाली तर घ्या, २६६६ वर चालेल. १६ ची एकच पट्टी घेण्यापेक्षा दोन आठच्या बऱ्या, कारण ग्राफिक्स याच रॅममधून चालतं आणि दोन्ही मार्ग खुले झाले की त्याला फायदा होतो. रॅम बदलल्यावर पडदा काळा राहिला आणि पॉवर बटणाचा दिवा दोनदा पिवळा, तीनदा पांढरा लुकलुकला, तर मशीनला रॅम सापडत नाही असा त्याचा अर्थ. पट्टी काढून सोनेरी कडा रबराने पुसा आणि क्लिक ऐकू येईपर्यंत बसवा.

कंपन्यांतल्या अनेक मशीनमध्ये वायफाय कार्डच नसतं, कारण तिथे सगळं केबलवर चालायचं. दुकानदार बोटाएवढं डोंगल लावून देतो आणि ते मागच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचतो. यूएसबी ३ वर डेटा धावायला लागला की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे डोंगल आणि वायरलेस माउस ज्या लहरींवर बोलतात तिथे, गोंगाट होतो. मग एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू केला की वायफाय तुटतं आणि वायरलेस माउस उड्या मारतो. डोंगल आणि माउसचा रिसीव्हर दोघांनाही यूएसबी २ च्या पोर्टमध्ये हलवा, नाहीतर मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून मशीनपासून लांब ठेवा. कायमचा उपाय हवा असेल तर आत एम.२ कार्ड बसवता येतं. इंटेलचं एएक्स२१० चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसलीच, पण ती नव्या पिढीच्या बोर्डांसाठी असतात, इथे चालत नाहीत. अँटेनाच्या दोन वायरी वेगळ्या मागून घ्या. राउटर त्याच खोलीत असेल तर हे सगळं सोडा आणि कॅट६ केबल ओढा.

नाशिकचा विचार करताना वीज आणि धूळ सोडून चालत नाही. पंचवटीत, जुन्या नाशकात वाड्यांच्या वायरिंगला अर्थिंग नावापुरतं असतं. धातूच्या खोक्याला हात लागला की मुंग्या येतात, एचडीएमआय केबल लावताना ठिणगी दिसते. हा मशीनचा दोष नाही. अडॅप्टरमधल्या फिल्टरची गळती अर्थमधून जायला हवी, ती वाट न मिळाल्याने खोक्यावर येते. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास यायला हवं; फेज-अर्थही जवळपास तेवढंच; न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला भलतंच काही आलं तर आधी वायरमनला बोलवा. तोवर अर्थची पिन मोडून टू-पिनमध्ये अडॅप्टर खोचू नका.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. वेगळा यूपीएस घेतलात तर ६०० व्हीएचा पुरे. हा डबा साध्या कामाला १० ते २० वॅट आणि पूर्ण ताणावर ५० च्या आसपास घेतो. मॉनिटर धरून सरासरी ३५ वॅट पकडली तर रोज दहा तासांनी महिन्याला साडेदहा युनिट होतात. ११० वॅट खाणारा जुना टॉवर आणि मॉनिटर तेवढ्याच वेळात ३३ युनिट जाळतो. दुकानात ठेवणार असाल तर बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ला ‘पॉवर ऑन’ द्या, लाईट आल्यावर आपोआप सुरू होईल.

एप्रिल-मेमध्ये पंखा ऐकू येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे राहणाऱ्यांनी दर उन्हाळ्याआधी आतली धूळ काढावी. मागचा एक स्क्रू सैल करून झाकण पुढे सरकवलं की उचलून येतं. ब्रश आणि ब्लोअर वापरा, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळलेली असते. हीटसिंक काढून आयसोप्रोपिलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट ठेवावी आणि स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. एका बाजूचा आधी पूर्ण आवळला तर हीटसिंक तिरका बसतो.

व्हिडिओच्या बाबतीत एक मर्यादा आहे. एचडीएमआयवर ४के पडदा ३० हर्ट्झलाच चालतो, ६० साठी डिस्प्लेपोर्टच वापरा. एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडायची सोय या ग्राफिक्समध्ये नाही. यूट्यूबवर ४के अडखळलं तर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ बघा. एव्ही०१ दिसलं तर फक्त एव्ही१ बंद करणारं ब्राउझर एक्स्टेन्शन टाका किंवा १०८० वर समाधान माना.

घेताना काउंटरवर वीस मिनिटं मागा. एफ२ ने बायोस उघडा. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवून या, नंतर तो काढून घेण्यात जीव जातो. तारीख चुकीची दिसली तर सीआर२०३२ सेल संपलाय. तो अगदी स्वस्त असतो, पण चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या साइट उघडत नाहीत. एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स पूर्ण चालवा. बिलावर जीएसटी आणि मशीनचा सर्व्हिस टॅग (डेलचा ओळख क्रमांक) दोन्ही लिहून घ्या. टॅग नसेल तर वॉरंटीच्या वेळी ‘हे आमच्याकडचं नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हेच थोडं स्वस्त पडतं, पण अडॅप्टर बदलायला पुन्हा मुंबई गाठायची असेल तर वाचलेले पैसे जाण्या-येण्यातच जातात.

थ्रीडी ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम हे मुख्य काम असेल तर मायक्रो घेऊ नका, यात ग्राफिक्स कार्ड बसायला जागाच नाही. त्याच पिढीचा ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ डबा बघा. त्यात कमी उंचीचं, स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड बसतं. फक्त आधी मूळ पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते झाकण उघडून वाचा आणि स्लॉटच्या शेजारी कार्डाच्या पंख्याला मोकळी जागा आहे ना ते बघा.