कोकणातल्या पावसाला टायर: एटी की एचटी?

एसयूव्हीचे टायर गोटा झाले की हा प्रश्न येतोच. एटी म्हणजे ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या सगळ्या वाटांचे; एचटी म्हणजे हायवे-टेरेन, मुख्यतः पक्क्या रस्त्याचे. गाडी कोकणात फिरते म्हटलं की टायरवाला आपणहून एटी पुढे करतो, आणि दिसतातही ते रुबाबदार. माझ्या आधीच्या गाडीला एटी होते, आताच्या गाडीला एचटी आहेत. पावसाळे दोन्हींवर काढलेत. मोजमाप कसलंच केलेलं नाही, हाताला आणि कानाला जे जाणवलं तेवढंच लिहितो.

चिखलाचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे वादच नाही. डांबर सुटून घराकडची तांबडी माती लागली की एचटीची बारीक नक्षी बघता बघता लिंपून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. एटीच्या रुंद खाचा तीच माती फेकत राहतात. चढात थांबलेली गाडी पुन्हा उचलायची तर एटीच. पावसाच्या तोंडावर कलमांना खत घालायला ज्यांना बागेपर्यंत गाडी न्यावी लागते, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. शेवाळाच्या बाबतीत मात्र एटीवर भिस्त ठेवू नका. चिऱ्यांच्या उतारावर दोन्ही टायर सारखेच घसरतात; तिथे ब्लीचिंग पावडर आणि खराटा.

पण आपण चिखलात असतो किती? माझ्या रोजच्या वाटेत मातीचा तुकडा अर्ध्या किलोमीटरचाही नाही, बाकी सगळं ओलं डांबर नाहीतर काँक्रीट. आंबा घाटात भर पावसात एचटी वळणाला जास्त धरून असतात असं मला तरी वाटतं. एटीच्या खाचा मोठ्या, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि नक्षीचे उंच ठोकळे ब्रेक दाबल्यावर थोडे हलतात. साचलेल्या पाण्यातून जाताना त्याच खाचा पाणी झटकन बाहेर काढतात, हेही खरं. खड्ड्यांत एटीची जाड बाजू निश्चिंत ठेवते. उलट टायर जड, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं. इथवर कोणी एटी घेतले असते तर मी अडवलं नसतं.

माझा निकाल लागला तो आवाजावर. कणकवलीहून कुडाळकडे काँक्रीटवर सत्तरच्या पुढे गेलं की एटीची घूं सुरू होते. नवे असताना ती गाण्याखाली दबते. पण ठोकळे एका कडेने झिजायला लागले की दर महिन्याला ती वाढते. आठ-दहा हजार किलोमीटरवर पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल केली तर जरा आटोक्यात राहते, जात नाही. मागे बसलेली आई दर वेळी विचारायची, ‘अरे, बेअरिंग गेलंय काय?’ आणि मी दर वेळी सांगायचो, टायरचा आवाज आहे. ही घूं आणि झिजलेल्या बेअरिंगची घूं इतकी सारखी, की एकदा मागचं बेअरिंग खरंच गेलं तरी कुणाला पत्ता लागला नाही. मेकॅनिकने गाडी उचलून चाक हाताने हलवलं तेव्हा ते खडखडलं. गाडी काय बोलते ते ऐकूच येऊ नये, हे मला परवडणारं नव्हतं. एचटीवर ब्रेक पॅडची बारीक किरकिरसुद्धा कळते.

दुकानात एखादा एटीच्या बाजूवरचं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) दाखवून हे विंटर टायरही आहेत म्हणून भाव वाढवेल. ती खूण नक्षी कशी आहे एवढंच सांगते. खऱ्या विंटर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं, आणि त्याचं रबर साधारण ७ अंशांच्या खालच्या थंडीसाठी मऊ ठेवलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर ते नुसतं झिजेल.

तेव्हा मातीची वाट रोजची नसेल तर एचटी बघा, असं सुचवेन. मात्र एचटीला नक्षी उतरलेली चालत नाही. कायद्याला नक्षीची खोली १.६ मिमी पुरते. मी ३ मिमी उरले की मिरगाच्या आधीच बदलतो. आणि बसवण्यापूर्वी बाजूवरचे चार आकडे वाचा: २२२५ म्हणजे २०२५चा बाविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं पडून असलेला माल सवलतीत देतात, तो नको म्हणा.