एकतर्फी हुकूमनामा झालाय: अर्ज, अपील की हप्ते?

थकलेल्या कर्जापोटी दिवाणी कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा (तुम्ही हजर नसताना दिलेला निकाल) झाला की बहुतेकजण थेट अपिलाचा खर्च विचारतात. त्याआधी हिशेब करा: पैसे खरंच देणं लागतो का, आणि हुकूमनाम्यात आहेत तेवढे लागतो का?

देणं मान्य नाही आणि समन्सही मिळालं नाही, तर त्याच कोर्टात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करा (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 9, नियम 13). मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून. आधी बेलीफच्या (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) अहवालाची नक्कल काढा. त्यावर ‘घेण्यास नकार दिला’ असा शेरा असेल तर अर्ज जड जाणार. बजावणीत खोट असली, तरी सुनावणीची तारीख तुम्हाला वेळेत ठाऊक होती असं दिसलं की तेवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. मंजुरी देताना कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरायची अट घालू शकतं. पण दावा पुन्हा उभा राहतो आणि तुमच्या पावत्या पहिल्यांदाच न्यायाधीशांपुढे येतात.

अपिलात ही सोय सहसा नाही. जिल्हा न्यायालयातही मुदत 30 दिवसांचीच, पण तिथे खालचं रेकॉर्ड तपासतात आणि तुम्ही हजरच नसल्याने त्यात तुमचा एकही कागद नसतो. दावाच मुदतबाह्य होता, व्याज चुकीचं धरलं, अशी चूक रेकॉर्डवरच दिसत असेल तरच अपिलात दम. शिवाय नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि अपिलाचा निकाल लागला की नियम 13 चं दार बंद.

देणं खरं असेल तर माझ्या मते दोन्ही सोडा आणि हप्ते बांधून घ्या. हुकूमनाम्यानंतर त्याला समोरच्याची संमती लागते. दरखास्तीच्या (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जाच्या) तारखांना तोही कंटाळलेला असतो. मात्र बाहेर पैसे देऊन नुसत्या पावतीवर विसंबू नका. त्याच्याकडून कोर्टात पुरसीस (पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या, नाहीतर 30 दिवसांत स्वतः नोंदीचा अर्ज द्या. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत जमेला धरत नाहीत.

गप्प बसलात तर दरखास्त 12 वर्षांपर्यंत येऊ शकते. पगारातले पहिले 1000 रुपये सोडून उरलेल्याचा तिसरा हिस्सा जप्त होतो, एका हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिने. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. तुरुंगाची धमकी मिळालीच तर लक्षात ठेवा, मुख्यतः ऐपत असून टाळणाऱ्याला ती लागू पडते. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटकच करता येत नाही.