शॅकलचे बोल्ट: आठ महिने, तीन जोड. ग्रेड नंतर बघा, आधी दांडा मोजा

गाडीच्या मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे, म्हणजे पाट्यांचं टोक चेसिसला झुलतं जोडणाऱ्या दोन पट्ट्यांचे, बोल्ट बदलायला घेतले त्याला आठ महिने झाले. तेवढ्यात तीन वेगवेगळे जोड वापरून झाले, त्यातले दोन भंगारात गेले. गाडी जुनी असली तरी चेसिस ठणठणीत आहे. पण चुकीच्या बोल्टपायी आणि चुकीच्या आवळण्यापायी पाट्यांचे नवे कोरे बुश (पाट्यांच्या टोकात बसणारी, आत धातूची नळी असलेली रबरं) वाया गेले, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. नट निघाला, बोल्ट जागचा हलेना. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवला, घण घातला, तापवून पाहिला. शेवटी शॅकलची पट्टी आणि बुश यांच्या फटीतून दोन्हीकडून ग्राइंडरने कापला. कापण्याआधी एकूण लांबी तेवढी मोजली होती, डोक्याखालून ४ इंच. जाडी गंजामुळे नीट कळेना, १४ मिमी धरली.

पहिला जोड घेतला तो १४ मिमी जाड, १०० मिमी लांब, १२.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा). सगळ्यात मजबूत तेच घेऊ म्हणजे परत बघायला नको, एवढाच विचार. डोक्यापासून टोकापर्यंत आटे होते, त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

तीन महिन्यांनी डाव्या बाजूला ‘टक्’ सुरू झालं. आधी शॉक अ‍ॅब्झॉर्बरवर संशय घेतला, मग पाटे आसाला बांधणारे यू-बोल्ट ताणले. शेवटी शॅकलचा बोल्ट बाहेर काढला. दोन्ही पट्ट्या जिथे टेकतात तिथले आटे दबून चपटे झाले होते, आरशासारखे चकाकत होते. बाकीचे आटे जसेच्या तसे, काळे. पट्टीचं भोक अंडाकार झालं होतं आणि कडेला आट्यांचे बारीक चर उमटले होते. कठीण बोल्टने मऊ पट्टी कानशीसारखी घासून काढली होती.

तेव्हा जुन्या बोल्टचे तुकडे आठवले. ते डब्यात पडून होते हे नशीब. तारेच्या ब्रशने डोकं घासलं तर वर तीन रेषा निघाल्या, म्हणजे इंची मापाचा ग्रेड ५. याची किमान ताणशक्ती सुमारे ८२७ मेगापास्कल, १२.९ ची १२०० च्या वर. म्हणजे जो बोल्ट वर्षानुवर्षं टिकला, तो मी बसवलेल्यापेक्षा बराच कमी ताकदीचा होता! त्याच्याकडे होता तो आट्यांशिवायचा लांब, गुळगुळीत दांडा. आणि जाडी? गंज खरवडून व्हर्नियर लावला तर १४.३ भरली. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी.

०.२९ मिमीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढ्या मोकळ्या जागेत पट्टी दर धक्क्याला आडवी सरकते. नट ढिले होण्याचं मुख्य कारण ही आडवी हालचालच असते, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. तुमचा बोल्ट कुठल्या मापाचा हे ओळखायचं असेल तर पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची पट्टी) लावाच. ९/१६ च्या बारीक आट्यांना इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मिमी. १४ मिमीचा १.५ पिचचा बोल्ट त्या नटात दोन-तीन वेढे गोड जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून रेटायचं नाही.

दुसरा जोड ९/१६ चा, ४ इंच लांब, ग्रेड ८, डोक्यावर सहा रेषा. या वेळी दांडाही होता, म्हणून निर्धास्त होतो. दीड महिन्यात आवाज परत. अंडाकार भोकाची पट्टी तशीच ठेवली होती, तो दोष माझा. पण खरी मेख वेगळीच निघाली. माझ्या शॅकलचा हिशेब असा: डोक्याखालचा वॉशर ३, पट्टी ६, नळी ६४, पलीकडची पट्टी ६, नटाखालचा वॉशर ३, एकूण ८२ मिमी. प्रमाणित इंची बोल्टला ६ इंच लांबीपर्यंत आट्यांचा भाग जाडीच्या दुप्पट अधिक पाव इंच असतो. ९/१६ ला तो ३५ मिमी होतो. ४ इंचातून वजा करा, दांडा उरतो ६६ ते ६७. पलीकडची पट्टी सुरू होते ७३ वर! म्हणजे ती पट्टी परत आट्यांवरच. आणि आट्यांवर बोल्ट बारीकही पडतो: दांड्याचं छेद-क्षेत्रफळ १६० चौरस मिमी, आट्यांवर हिशेबात धरायचं ते १३१.

मूळ बोल्टचे तुकडे जुळवून पाहिले तर दांडा ७८ मिमी भरला. कारखान्याने तेवढ्याच लांबीत आटे मुद्दाम आखूड ठेवले होते. विकणारे जाडी, लांबी, ग्रेड, मुलामा सगळं लिहितात, दांड्याची लांबी लिहीत नाहीत. विचारलं तर ‘ते काय महत्त्वाचं’ असं ऐकावं लागतं. निलंबनाच्या (सस्पेन्शनच्या) बोल्टमध्ये तेच तर महत्त्वाचं आहे!

तिसरा जोड साडेचार इंची. दांडा ७९.४ मिमी, पट्टी संपते ७९ वर, उरलेलं ०.४ वॉशरच्या जाडीत जिरतं. ५ इंची घेऊ नका. त्याचा दांडा ९२ मिमी, नट दांड्यावरच अडतो आणि पट्ट्या आवळल्याच जात नाहीत. सोबत नव्या पट्ट्या, नवे बुश आणि स्प्रिंग वॉशरऐवजी पूर्ण धातूचे लॉकनट घातले. दांड्याला गंजरोधक ग्रीस लावलं, आटे कोरडे ठेवले, कारण वंगण लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

इथपर्यंत लिहून तीन आठवडे झाले. तेव्हा ‘कंपनीचा मूळ बोल्ट महाग, त्याची गरज नाही’ असं एक वाक्यही लिहिलं होतं, ते आता काढलं. दोन जोड, वाया गेलेले बुश, पट्ट्या आणि चार रविवार धरले तर मूळ बोल्टच स्वस्त पडला असता. मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तेव्हाच वरचा हिशेब करा.

आणखी एक. पहिल्या दोन्ही वेळी मी चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट शेवटचे आवळले. रबरी बुशची नळी त्याच स्थितीत जखडते, गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. माझे बुश तिथेच फाटले. या वेळी हाताने लावून गाडी खाली उतरवली, दोनदा पुढेमागे ढकलली आणि मग टॉर्क रेंच लावला.

काल डावा बोल्ट मुद्दाम काढून पाहिला. हातोडीच्या एका हलक्या टोल्यात निघाला. दांड्यावर ग्रीसचा करडा थर, पट्टीच्या जागी एकही चर नाही. पुसून व्हर्नियर लावला. दोन्ही पट्ट्यांच्या जागी माप तेच, नवा होता तेव्हाचं.