उत्तरेकडच्या खोलीला राखाडी, पिस्ता की बदामी-मोतिया? तिन्ही ऋतू बघून झाल्यावरचा अनुभव

कोथरूडच्या फ्लॅटमधली आईची खोली दिवाळीच्या आधी रंगवून घेतली होती, आता पावसाळा सरत आलाय, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस सगळं त्या भिंतींवर बघून झालं म्हणून आता लिहितोय. रंग लावल्या लावल्या लिहिलेल्या अनुभवाचा फार उपयोग नसतो असं माझं स्पष्ट मत आहे, ताजा रंग पहिले आठ-दहा दिवस कुठलाही असो छानच वाटतो.

खोली १० बाय १२, खिडकी एकच, तीही उत्तरेला. आधीचा रंग गुलाबी ऑईलबाँड डिस्टेंपर. शेड कार्ड बघून बघून शेवटी तीन शेड उरल्या: फिकट राखाडी (मुलीचा आग्रह, हल्ली सगळीकडे तोच दिसतो), पिस्ता (आईला हवा होता) आणि बदामीकडे झुकणारा मोतिया (हा बायकोने सुचवला, आणि शेवटी हाच लावला).

कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून ठरवू नका हे सगळेच सांगतात, पण भिंतीवर थेट सँपल मारूनही नीट कळत नाही. आमच्या गुलाबी भिंतीवर राखाडीचा पट्टा मारला असता तर तो हिरवट दिसला असता, शेजारच्या रंगाने डोळा फसतोच. म्हणून सँपलचे छोटे डबे आणले, मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर प्रत्येकी दोन हात मारले, कडेने पांढरी पट्टी सोडली आणि पूर्ण वाळू दिलं, कारण इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की थोडं गडद होतं. मग ते शीट कधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, कधी खिडकीच्याच भिंतीवर, कधी पलंगामागे असे फिरवत राहिलो. एकच शेड खिडकीच्या भिंतीवर चांगली दोन पायऱ्या गडद दिसते, कारण त्या भिंतीवर थेट उजेड पडतच नाही. रंग घ्यायचा तर त्या सगळ्यात अंधाऱ्या भिंतीवर बघून घ्यावा.

उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वेळ आकाशाचाच उजेड येतो, थेट ऊन नाही, त्यामुळे तो निळसर असतो. राखाडी शीट सकाळी अकराला छान शांत दिसायचं आणि ढग आले की निळं, गार, एखाद्या दवाखान्यातल्यासारखं. परदेशी व्हिडिओंमध्ये उत्तरेची खोली बारा महिने गार असते असं सांगतात ते मात्र आपल्याकडे जसंच्या तसं घेऊ नका. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर तो उगवतो-मावळतोच उत्तरेकडे सरकून, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी आमच्या या खोलीत तिरपं ऊन येतं. त्या तासाभरात मोतिया चक्क पिवळा होतो, खूप सुंदर दिसतो, पण ज्याला पिवळेपणा अजिबात चालत नाही त्याने हे धरून चालावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेव्हा आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिला म्हटलं एकेक डोळा झाकून शीट बघ. जुन्या डोळ्याने तिला मोतिया मळकट पिवळा दिसला आणि पिस्ता जवळजवळ मोतियासारखाच, नव्या डोळ्याने पिस्ता एकदम हिरवागार आणि राखाडी निळा. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं, नवं भिंग तो आत सोडतं, म्हणून हा फरक. पिस्त्याचा तिचा हट्ट तिथेच सुटला, ती स्वतःच म्हणाली, "अगं बाई, हा एवढा हिरवा आहे होय!" आता दोन्ही डोळे झालेत आणि मोतिया तिला स्वच्छ, उजळ दिसतो. घरात ज्येष्ठ माणूस असेल आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर रंग नंतर निवडा, किंवा निदान नव्या डोळ्याचं ऐका. खोली त्यांची आहे, दिवसभर त्याच भिंती त्यांना बघायच्या आहेत.

काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा. कमी उजेडाच्या खोलीला मी ७० च्या वरचाच घेईन. आईला आता दुपारी पेपर वाचायला दिवा लावावा लागत नाही, पूर्वी लागायचा.

दिव्याचंही बघाच. केल्विनचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर, जेवढा लहान तेवढा पिवळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिस्ता अगदी आजारी दिसत होता, मोतिया फिका पडत होता. ४००० चा दिवा लावला आणि रात्रीही रंग दिवसासारखा दिसायला लागला. ३००० मध्ये मोतिया जास्तच पिवळा होतो.

फिनिश आम्ही हलक्या चमकेची घेतली. मॅट दिसायला जास्त छान, भिंतीचे उंचवटेही लपवते, पण पलंगामागे डोक्याच्या खोबरेल तेलाचे डाग पडतात आणि मॅटवर ते घासले की तेवढाच भाग चकाकतो. इथे ओल्या मऊ कापडाने आणि जरा साबणाने डाग निघाले, रंग गेला नाही. उलट बाजू म्हणजे खिडकीच्या तिरप्या उजेडात लांबीचा (म्हणजे पुट्टीचा) प्रत्येक खड्डा दिसतो, तेव्हा लांबी घासून झाल्यावर रंगाऱ्याला भिंतीला टॉर्च आडवा लावून दाखवायला सांगा आणि मगच प्रायमर मारू द्या.

बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला जुनी ओल होती, ती आधी प्लंबरकडून काढून घेतली, भिंत पूर्ण सुकू दिली, मगच रंग. या पावसाळ्यात एकही पोपडा नाही. ओल जिवंत असताना कितीही महाग रंग मारा, तो सुटणारच.

४ लिटरचा डबा दोन हातांना पुरून थोडा उरला, तो घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलाय आणि डब्यावरच्या शेड कोडचा फोटो काढलाय. स्विचबोर्डाशेजारी टचअप केलं ते याच रंगाने, आणि पॅच दिसत नाही.

आता मुलीची खोली काढतोय. ती पश्चिमेला आहे, तिथे हाच मोतिया संध्याकाळी पार केशरी होतो, आणि आईच्या खोलीत नाकारलेलं राखाडी शीट तिथे चारनंतरही शांत दिसतं. तिला तोच हवाय, आणि त्या खोलीत माझंही मत तिच्याच बाजूने आहे.