पोराच्या पित्तनळीत खडा: आधी ईआरसीपी की एकाच वेळी लॅप ऑपरेशन?

आमच्या पोराला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलसेलचा जीन आलेला. नऊ वर्षांचा असताना उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, डोळे तर त्याचे नेहमीच थोडे पिवळे म्हणून आम्ही दोन दिवस तसेच काढले, पण लघवी काळ्या चहासारखी आणि शी पांढरट मातीसारखी झाली तेव्हा धावत गेलो. विदर्भात सिकलसेलची घरं खूप आहेत म्हणून लिहितेय. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी सतत फुटतात, बिलिरुबिन (त्यातून निघणारा पिवळा रंग) वाढतं, त्याचेच काळे खडे पित्ताशयात बनतात आणि एखादा घरंगळून नळीत अडकतो. थॅलेसेमियातही हेच.

ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, नळीचं तोंड थोडं कापतात आणि बास्केट किंवा फुग्याने खडा आतड्यात ओढतात, तो शीवाटे जातो. पोटावर टाका नाही. लॅपमध्ये, म्हणजे पोटावर छोटी भोकं पाडून दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनमध्ये, पित्ताशय काढतानाच त्याच्या नळीतून आत शिरून खडा काढतात, म्हणजे भूल एकदाच. ईआरसीपी केली तरी पित्ताशय नंतर काढावंच लागतं, नाहीतर पुन्हा खडा उतरतो, आणि लहान मुलांना ईआरसीपीलाही बहुतेक वेळा पूर्ण भूलच देतात. म्हणजे दोन भुली. सिकलसेलच्या पोराला प्रत्येक भुलीआधी सलाइन, गरज पडली तर रक्त, थिएटरमध्ये ऊब, ऑक्सिजनवर लक्ष, हे सगळं दोनदा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फरक, टाक्यांचा नाही.

मग सरळ लॅपच का नाही? कारण मुलांच्या नळीत शिरणारा सर्जन सगळीकडे नसतो, पित्ताशय काढणारे खूप, नळीतला खडा काढणारे कमी. ईआरसीपीचंही तसंच, मोठ्यांच्या रोज करणाऱ्या डॉक्टरला मुलांचा अनुभव किती ते विचाराच. साधारण दहा किलोच्या वर मोठ्यांचीच दुर्बीण चालते, त्याखाली बारीक लागते आणि ती मोजक्याच ठिकाणी असते.

ताप, थंडी आणि कावीळ एकत्र असेल तर मात्र तुलना करत बसू नका, नळीत पू झालेला असू शकतो, तो आधी बाहेर काढायलाच हवा आणि तिथे ईआरसीपी पुढे. पोर शांत असेल, ताप नसेल तर एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करून घ्या, कारण सोनोग्राफीत गॅसमुळे नळीचा खालचा भाग नीट दिसत नाही, आणि बारीक खडा कधीकधी आपोआप निघून गेलेला असतो, मग ईआरसीपीची गरजच नाही. नळी जन्मतः फुगलेली निघाली तर गोष्टच वेगळी, तिला ऑपरेशनच लागतं.

आमची आधी ईआरसीपी झाली, मग लॅप. लॅपनंतर सिस्टरने बाटलीत खडे दिले, मिरीपेक्षा बारीक, काळे कुळकुळीत, पोरगं ते हलवून आवाज ऐकत बसलं होतं. ईआरसीपीच्या रात्री मात्र मी झोपले नाही, कारण त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात पाचेक मुलांना, बहुतेकांची सौम्य असते. पोट दुखून कळ पाठीत जायला लागली, उलट्या झाल्या तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सिस्टरला उठवा आणि रक्तातलं लायपेज तपासायला लावा, स्वादुपिंड सुजलं की ते वाढतं.